दमछाकीची पावती

जगात माणसांचे ढोबळमानानं दोन वर्ग पडतात. घाम गाळण्याचे पैसे घेणारे आणि घाम गाळण्याचे पैसे देणारे. पहिला वर्ग फार जुना. नांगरट, पाथरवट, हमाल, गवंडी ही सगळी त्या वर्गातली मंडळी. त्यांच्याविषयी आपण शाळेत निबंध लिहिले, 'श्रमप्रतिष्ठा' या शब्दाला दहापैकी सहा मार्क मिळवले आणि आयुष्यभर श्रमांपासून सुरक्षित अंतरावर राहिलो. दुसरा वर्ग मात्र अगदी अलीकडचा. आमच्या वेळी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षा होती आणि ती फुकट मिळत असे. गणित चुकलं की मिळे, नाही चुकलं तरी शेजारच्याचं बघितलं म्हणून मिळे. त्या फेऱ्यांसाठी आधी फॉर्म भरावा, पैसे भरावेत आणि वर 'तुमचा अर्ज स्वीकारला आहे' असं कळल्यावर आनंदानं उड्या माराव्यात, हे आमच्या पीटीच्या मास्तरांना सुचलं असतं तर ते मास्तर राहिले नसते.

या दुसऱ्या वर्गाचं शिखर म्हणजे ट्रायथलॉन. पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं या तिन्ही गोष्टी एका दमात करायच्या. लहानपणी याच तीन गोष्टी आम्हाला अनुक्रमे 'बुडशील', 'पडशील' आणि 'ठेचकाळशील' असं सांगून मना केल्या जात. या शर्यतीचे लहानमोठे प्रकार आहेत. त्यातला जो थोरला, आयर्नमॅन नावाचा, त्यात ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल हाणायची, म्हणजे पुण्याहून निघून कऱ्हाड मागं टाकायचं, आणि एवढं झाल्यावर सायकल टेकवून ४२ किलोमीटर धावायचं. हे सगळं १७ तासांच्या आत. सतरा तासांत आमच्या घरी माळा आवरून होत नाही. याचं धाकटं भावंड म्हणजे बरोबर निम्मं अंतर. त्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ साली गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झाली आणि तेव्हापासून पुण्यामुंबईच्या, कोल्हापूरच्या पुष्कळ घरांत पहाटे साडेचारला गजर वाजू लागले.

असा एक गजर माझ्या भाच्याच्या घरी वाजतो. एका रविवारी तो आला आणि पाया पडायच्या आधीच म्हणाला, "मामा, फॉर्म भरला."

फॉर्म म्हटल्यावर मला एकदम घराची सोडत आठवली. "मिळेल का रे?" मी विचारलं.

"मिळाला. गोव्याच्या ट्रायथलॉनचा." मग त्यानं फीचा आकडा सांगितला. आकडा पाच आकडी होता. पाच आकडी पगाराची आम्ही हयातभर वाट पाहिली, तेव्हा पाच आकडी काही ऐकलं की मी अजूनही खुर्चीत सरळ बसतो.

"बक्षीस केवढं आहे?" मी विचारलं.

"बक्षीस नाही. मेडल."

"पहिल्याला?"

"सगळ्यांना. जे पूर्ण करतील त्या सगळ्यांना."

"आणि नाही पूर्ण झालं तर?"

"मग नाही."

"आणि फी?"

"ती परत मिळत नाही." हे तो अशा अभिमानानं म्हणाला की, जणू फी परत न मिळणं हाही शर्यतीचा एक कठीण टप्पा आहे.

पुढं कळलं की फी ही नुसती सुपारी आहे, खरं लग्न पुढंच आहे. सायकल घ्यायची तर ती स्कूटरच्या भावाची, आणि त्याहून वर कुठपर्यंत जायचं ते ज्याच्या त्याच्या बायकोच्या स्वभावावर. या सायकलला स्टँड नसतो, घंटा नसते, मडगार्ड नसतं, कॅरियर नसतो. एवढ्या वस्तू काढून घेतल्यावर किंमत उतरायला हवी; पण या सायकलचं संन्याशासारखं आहे, जितकी उपाधी कमी तितकी किंमत जास्त. मग ती सायकल सोडवून, मोठ्या पेटीत घालून गोव्याला न्यायची, तिच्यासाठी गाडीत जागा, आपल्यासाठी हॉटेल. पोहण्याचे कपडे वेगळे, पळण्याचे बूट वेगळे, सायकलचे बूट वेगळे आणि ते बूट घालून चार पावलंसुद्धा धड चालता येत नाही. वाटेत खायला काकवीसारखा एक चिकट पदार्थ, तो पुडीतून चोखायचा, आणि त्या एका पुडीच्या पैशात खऱ्या काकवीची किटली यावी.

माझी बहीण इतका वेळ गप्प ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "एवढ्या पैशात आपण सगळेच्या सगळे गोव्याला जाऊन आलो असतो. आणि कुणाला पोहावं लागलं नसतं."

ताईच्या या वाक्यावर भाच्याला उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही. पण कुतूहल चाळवलं, आणि ही शर्यत मुळात कुठून आली, पहिल्यापासूनच इतकी महाग होती का, याच्या मागं मी लागलो.

तर तशी ती नव्हती. हल्लीच्या अर्थानं जिला ट्रायथलॉन म्हणतात ती पहिली शर्यत अमेरिकेत सॅन डिएगो इथं मिशन बे नावाच्या खाडीकाठी २५ सप्टेंबर १९७४ रोजी झाली. वार बुधवार, वेळ संध्याकाळची, म्हणजे मंडळी ऑफिस सुटल्यावर आलेली. तिथल्या पळणाऱ्यांच्या एका क्लबातल्या जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन या दोन गृहस्थांची ही कल्पना. सायकल ज्यानं त्यानं आपापली आणायची. ४६ जण आले. बक्षिसांवर नाव कोरणाऱ्या दुकानदारानं 'ट्रायथलॉन'चं स्पेलिंग विचारलं, तर तो शब्द कुठल्या शब्दकोशातच नव्हता. अंधार पडला तेव्हा शेवटच्या गड्यांना वाट दिसावी म्हणून कुणीतरी मोटारी आणून त्यांचे दिवे लावले. आपल्याकडं गल्लीतल्या क्रिकेटचा शेवटचा बॅट्समन अंधारात खेळत असताना कुणीतरी स्कूटरचा दिवा लावतं ना, अगदी तसं.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचे अमेरिकन आरमारातले एक अधिकारी आणि त्यांची पत्नी ज्युडी होती. पुढं त्यांची बदली हवाईला झाली. तिथं १९७७ साली एका शर्यतीच्या बक्षीससमारंभात वाद निघाला की, सगळ्यांत दमदार कोण? पोहणारे, पळणारे, की सायकलवाले? असले वाद आपल्याकडं निघाले तर दोन गट पडतात आणि तिसऱ्या दिवशी तिसरा गट फुटून निघतो. कॉलिन्ससाहेबांनी निराळंच केलं. त्या बेटावर पोहण्याची, सायकलची आणि धावण्याची अशा तीन मोठ्या शर्यती वेगवेगळ्या होत होत्या. त्या एकापुढं एक जोडा आणि जो पहिला येईल त्याला लोहपुरुष म्हणा, असं त्यांनी सुचवलं. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण सुटले, १२ जण पोचले. गॉर्डन हॅलर नावाचा गडी पावणेबारा तासांच्या थोडं वर वेळ घेऊन पहिला आला. स्मृतिचिन्हं कॉलिन्ससाहेबांनी घरी बसून केली होती : धातूच्या नळीचे तुकडे जोडून माणूस, आणि डोक्याच्या जागी नट. शर्यतीत भाग घेणाऱ्याच्या डोक्याविषयी यापेक्षा प्रामाणिक मत त्यानंतर कुणी व्यक्त केलेलं नाही.

या पहिल्या शर्यतीत वाटेवर पाण्याची सोय नव्हती. प्रत्येकानं आपापले मित्र आणायचे आणि त्यांनी आपापल्या माणसाला पाणी पाजायचं. जॉन डनबार नावाचा स्पर्धक बराच वेळ पुढं होता. त्याच्या मित्रांकडचं पाणी धावता धावता संपलं. त्यांनी मग जवळ होती ती बिअर दिली. डनबार अर्ध्या तासानं दुसरा आला. मित्र आणि पाणी यांतलं एकच जवळ असेल तर काय होतं, याचं हे ऐतिहासिक उदाहरण.

इथून पुढची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. गल्लीतल्या गणपतीचा मोठा गणपती होतो तेव्हा जे होतं ते झालं. १९८२ साली ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी आघाडीवर असताना अगदी शेवटी कोसळली आणि चक्क रांगत रांगत रेषेपर्यंत पोचून दुसरी आली. ते टेलिव्हिजनवर साऱ्या अमेरिकेनं पाहिलं. आता माणसाचं मन असं की, एखादी मुलगी दमून रस्त्यावर रांगते आहे हे पाहून लोकांनी 'अरेरे' म्हणून गप्प बसावं. पण हजारोंना वाटलं, आपणही असं रांगावं. जिथं हजारोंना रांगायचं असतं तिथं रांग लागते, आणि जिथं रांग लागते तिथं खिडकी येते, आणि खिडकी आली की तिच्यामागं कुणीतरी पैसे मोजत बसतं.

हक्क या हातून त्या हाती गेले. २०१५ साली एका चिनी उद्योगसमूहानं आयर्नमॅनची कंपनी ६५ कोटी डॉलरला घेतली. २०२० साली ती पुन्हा ७३ कोटी डॉलरला विकली गेली. हवाईतल्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीची फी अलीकडं हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे आपल्या ऐंशी हजार रुपयांहून जास्त; आणि ही फी, तिथं जाण्याचा मान आधी दुसरीकडं धावून मिळवल्यावर भरायची. २०१० साली तर एक अजब योजना निघाली. वर्षाला हजार डॉलर भरा, म्हणजे इतरांच्या आधी फॉर्म भरण्याचा हक्क मिळेल. शर्यतीची फी वेगळी. म्हणजे रांगेत पुढं उभं राहण्याचं तिकीट. एवढा आरडाओरडा झाला की एकदोन दिवसांतच ती योजना गुंडाळावी लागली. आणखी एक गंमत अशी की, हवाईच्या काही जागा सोडतीनं दिल्या जात. सोडतीत नाव घालायचेच पन्नासेक डॉलर. नाव निघालं नाही तर पन्नास गेले, निघालं तर हजार जाणार! जिंकल्यावर खिसा आणखी हलका होणारी ही जगातली बहुधा एकमेव लॉटरी असावी. २०१५ साली अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी हा प्रकार बेकायदा जुगारात मोडतो असं ठरवलं आणि कंपनीला २७ लाखांहून अधिक डॉलर सरकारजमा करावे लागले.

हे सगळं भाच्याला ऐकवलं तर तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्ही खर्चाची एकच बाजू बघताय."

हे मात्र खरं. जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे, नाहीतर मी कसला हिशेबनीस! नव्वद किलोमीटर सायकल चालवायची तर रस्ता बंद करावा लागतो. आपल्याकडं लग्नाची वरात सोडली तर रस्ता कुणासाठी आपण होऊन बंद होत नाही. चौकाचौकांत पोलीस लागतात, स्वयंसेवक लागतात, कुत्रं आडवं आलं तर त्याला समजावून सांगणारा माणूस लागतो. समुद्रात होड्या आणि जीवरक्षक लागतात. मधेच दम लागलेल्या माणसाला बाहेर काढायला जो पोहणारा हवा, तो स्वस्तातला पाहून चालत नाही. डॉक्टर, रुग्णवाहिका, विमा, पाण्याची टेबलं, पायाला बांधायची ती वेळ मोजणारी चकती. डनबारच्या बिअरची आठवण ठेवली की फीतला बराचसा भाग मुकाट्यानं मान्य करावा लागतो. १९७८ साली शर्यत स्वस्त होती असं आपण म्हणतो ते तितकंसं बरोबर नाही. तेव्हा फी होती, फक्त ती मित्रांच्या नाण्यात भरावी लागे. दिवसभर मोटारीत बसून आपल्यामागं हिंडेल असा मित्र ज्याला नव्हता, त्याला ती शर्यत परवडण्यासारखी नव्हतीच. आता मित्रांऐवजी पैसे चालतात. यात एका अर्थी सोय आहे आणि एका अर्थी दुःखही आहे.

पण एवढं वजा केल्यावरही काहीतरी शिल्लक उरतं. रस्ता, होड्या, डॉक्टर, पाणी, सगळं मांडलं तरी हौसेनं पैसे भरणारा माणूस यासाठी पैसे भरत नाही. थिएटरात पंख्यांसाठी कुणी तिकीट काढत नाही. मग कशासाठी? मी भाच्याला एक प्रस्ताव दिला. म्हटलं, "हे बघ, पोहायला तलाव आहे. तिथं लांबी मोजलेली आहे. पहाटे रस्ता मोकळा असतो, सायकल तुझी आहेच. टेकडीला पळायच्या वाटा आहेत. मी घड्याळ घेऊन उभा राहतो. ताई लिंबूसरबत करील. झालं की मी स्वतः तुझ्या गळ्यात हार घालतो. खर्च चहाचा."

भाच्यानं माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडं बघतात तसं. म्हणाला, "मामा, तुमचं बघणं धरत नाहीत."

या वाक्यानं मी दोन दिवस बेचैन होतो. रागावून नव्हे; पोरगा चुकीचं काहीच बोलला नव्हता. पण मला एकदम कोडं सुटल्यासारखं झालं. कष्ट कुठंही फुकट मिळतात. हवे तितके मिळतात. विकत घ्यावा लागतो तो साक्षीदार. शर्यतीच्या शेवटी एक कमान असते, रेषा असते आणि ध्वनिक्षेपकावर एक माणूस असतो. तुम्ही अर्धमेले होऊन रेषा ओलांडता तेव्हा तो साऱ्या जगाला ऐकू जाईल असं तुमचं नाव घेऊन सांगतो की, तुम्ही आयर्नमॅन आहात. या एका वाक्यासाठी माणसं वर्षवर्ष पहाटे उठतात. बायकापोरांच्या शिव्या खातात. लाखाच्या सायकली घेतात. तुम्ही सतरा तास काय केलंत हे तुम्हाला ठाऊक असतंच, पण ते दुसऱ्या कुणालातरी अधिकृतपणे ठाऊक झाल्याशिवाय ते पुरतं खरं वाटत नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. आपण सगळे तेच करतो. कविता वहीत असते तोवर ती लिहिली की नाही याचाच संशय असतो. छापून आली की मग झाली. देवळाला दिलेल्या पंख्याच्या पात्यांवर आपलं नाव असतं ते काय वारा जास्त लागावा म्हणून? ज्याला कुणी पाहिलं नाही ते घडलं का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ चघळला आहे. सामान्य माणसाचं उत्तर सोपं आहे : घडलं असेल, पण सांगायला मजा नाही.

खरी पंचाईत पुढं आहे. ही शर्यत मोजते काय? तर जिद्द. ती तसं सांगतेही. 'काहीही शक्य आहे' हे तिचं ब्रीदवाक्य आहे. आणि जिद्द मोजण्याच्या या खोलीत शिरताना दारावर पहिल्यांदा काय मोजतात? तर पाकीट. जिद्द ज्याच्याकडं आहे पण पाकीट नाही, त्याची जिद्द दाराबाहेरच बसून राहते. क्रिकेटलाही बॅट लागते, मान्य. गाण्यालाही तंबोरा लागतो. पण गाणं म्हणजे तंबोरा असलेल्यांच्या सहनशक्तीचं मोजमाप आहे, असं कुणी म्हणत नाही. इथं मात्र शर्यत संपल्यावर गळ्यात जे मेडल पडतं ते म्हणतं, 'हा माणूस लोखंडाचा आहे.' त्यावर खरं म्हणजे बारीक अक्षरांत असंही हवं : 'फी भरलेल्यांपैकी.'

आमच्या घरी गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस आहे. नुसता गॅसच १४.२ किलो, आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच. तीसेक किलो खांद्यावर घेऊन तो आमचे तीन मजले चढतो. इमारतीत लिफ्ट आहे, पण त्याच्या बाजूला पाटी आहे की सामान नेण्यास मनाई आहे. असे दिवसाला किती मजले तो चढतो याची त्याच्या पायाला चकती नाही. दारात आल्यावर आम्ही टाळ्या वाजवत नाही. आम्ही आधी सील बघतो, मग वजन करायला लावतो आणि मग सुट्ट्या पैशांवरून वाद घालतो. शेवटच्या मजल्यावर कमान उभारलेली नसते आणि ध्वनिक्षेपकावर कुणी त्याचं नाव घेत नाही. नावावरून आठवलं, त्याचं नाव काय हे मी घरात विचारलं. इतकी वर्षं तो येतो आहे, पण आमच्या घरात त्याचं नाव 'गॅसवाला' हेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्याला पैसे मिळतात, भाचा पदरचे देतो, तुलनाच चूक. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण पैसे मिळाले म्हणून मजले कमी होत नाहीत. गुडघ्याला कुठं ठाऊक असतं, हे पगारी चढणं आहे की हौशी! फरक एवढाच की, एका गुडघ्याची नोंद होते आणि एका गुडघ्याची होत नाही. आणि ज्याची होते, त्यानं नोंदीचे पैसे मोजलेले असतात.

यावर कुणी म्हणेल की, फी जबर असते म्हणून तर माणूस नेटानं सराव करतो. फुकटाची किंमत राहत नाही. हा आपल्या समाजाचा आवडता सिद्धांत आहे. शिकवणीवाले तो सांगतात, ज्योतिषी तो सांगतात. पण हॅलर पहिला आला तेव्हा त्याच्या पाठीवर हजार डॉलरचं ओझं नव्हतं. आणि आपल्या घरचंच उदाहरण हवं असेल तर आषाढात रस्त्यावर जाऊन उभं राहावं. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे. तीन आठवड्यांच्या आसपास चालायचं, ऊन आणि पाऊस दोन्ही अंगावर घेत. साठीसत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात. दिंडीत जेवणाखाण्याची भिशी असते, ती भरावी लागते. म्हणजे डाळतांदूळ फुकट येत नाहीत हे वारकऱ्यांनाही कळतं. पण ज्याला भिशी जमत नाही तोही चालू शकतो. गावोगावी कुणी ना कुणी त्याच्यापुढं भाकरी ठेवतं. चालण्याची फी नाही. छातीवर नंबर नाही, वेळ कुणी मोजत नाही, आणि 'पहिला कोण आला' असं पंढरपुरात जाऊन विचारून पाहा, लोक तुमच्याकडं डोळे विस्फारून बघतील.

याचं कारण, माझ्या मते, तिथं साक्षीदाराचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. कमरेवर हात ठेवून तो अठ्ठावीस युगं तिथं उभा आहे, आणि त्याचं बघणं धरतात. सगळे धरतात. शिवाय तो उभा राहण्याचे पैसे घेत नाही. (त्याच्या आसपासचे लोक कधीकधी घेतात, पण तो विषय वेगळा.) असा साक्षीदार ज्यांना लाभला ते फुकटात चालतात. ज्यांना तो भेटला नाही, त्यांना बिचाऱ्यांना कंपनीकडून भाड्यानं आणावा लागतो. मी भाच्याला अश्रद्ध म्हणत नाही. त्याच्या पिढीनं देव सोडला असेल वा नसेल, पण कुणीतरी आपल्याला शेवटपर्यंत पाहावं ही भूक सोडलेली नाही, आणि जिथं भूक आहे तिथं कुणीतरी हॉटेल काढणारच. हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही. पण अन्नाला जो भाव आहे तो आपण पदार्थांच्या यादीत वाचूनच जेवायला बसतो. मग इथं का नको?

म्हणून माझी मागणी अगदी माफक आहे. फी कमी करा असं मी म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही, आणि पोलिसांचा, होड्यांचा भाव मला ठाऊक नाही. मला फक्त पावती सविस्तर हवी. वाण्याच्या दुकानात मिळते तशी. रस्ता बंद करण्याचे इतके. होड्या आणि जीवरक्षक, इतके. डॉक्टर व औषधं, इतके. पाणी, केळी, मीठ, इतके. चकती भाडं, इतके. टी-शर्ट, नको असला तरी, इतके. कंपनी विकत घेताना मालकानं काढलेल्या कर्जाचं व्याज, इतके. आणि सर्वांत शेवटी, स्वतंत्र ओळीवर : 'आपणास पाहिल्याबद्दल, इतके.'

ती शेवटची ओळ वाचून ज्याला पैसे भरावेसे वाटतील त्यानं खुशाल भरावेत. भाचा भरीलच, मला ठाऊक आहे. आणि तो मिरामारच्या वाळूवरून रेषेकडं येईल तेव्हा ताई आणि मी, न धरण्यासारखे दोन साक्षीदार, दोरीच्या अलीकडं उभे असू. पण त्या ओळीतला आकडा एकदा डोळ्यांसमोर आला म्हणजे माणसाच्या मनात एक बारीकसा हिशेब आपोआप सुरू होईल : हीच वस्तू मी रोज किती जणांना फुकट देऊ शकलो असतो, आणि दिली नाही. जिन्यावर तीन मजले चढून कुणी आलं, तर सील बघायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघायला, पाण्याचा तांब्या पुढं करायला आणि "दमलात हो" म्हणायला काही पैसे पडत नाहीत. त्याची पावतीही फाडावी लागत नाही.

परवा सिलिंडर आला तेव्हा मी त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मग जरा घाबरून विचारलं, "का हो साहेब? तक्रार करायची आहे का?"